चाळिशीनंतरची चेंडूफळी



आळंदीत व्याख्यानाला उभे राहावयाचे आणि विषय क्रिकेटचा घ्यावयाचा, हा थोडा धीटपणाच आहे. या गावात कीर्तन-प्रवचन ऐकून श्रोत्यांचे कान तयार झालेले आहेत. बोलणारा कोठे अडखळला, हे वक्त्याच्या आधी मागच्या रांगेला कळते. क्रिकेटच्या बाबतीत तर श्रोत्यांची परीक्षा याहून कडक. ज्ञानेश्वरी आपल्याला कळत नाही असे नम्रपणे म्हणणारा माणूस शोधला तर सापडेल. क्रिकेट कळत नाही असे म्हणणारा मराठी माणूस शोधूनही सापडावयाचा नाही. तेव्हा भारताचा संघ कसा निवडावा हे सांगण्याच्या फंदात आम्ही पडत नाही. आमचा विषय लहान आहे. ज्या माणसाने चाळीस-पन्नास वर्षे क्रिकेट पाहिले, ऐकले, त्यावरून मित्रांशी वाद घातले, पण कातडी चेंडू कधी हातात घेतला नाही, त्याने त्या वयात खेळावयास सुरुवात करावी काय, आणि केली तर त्याच्या पदरात काय पडते, एवढेच आम्हांला पाहावयाचे आहे.

असा विषय काढला की पहिले नाव ऐकू येते ते प्रवीण तांबे यांचे. ते योग्यच आहे. ८ ऑक्टोबर १९७१ चा त्यांचा जन्म. ७ मे २०१३ रोजी जयपूरला राजस्थान रॉयल्सच्या संघातून ते आयपीएलचा पहिला सामना खेळले, तेव्हा त्यांनी एकेचाळीस पूर्ण केली होती आणि तोवर रणजी सामना एकही खेळलेले नव्हते. त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये पाच सामन्यांत १२ बळी घेऊन ते सगळ्यांच्या पुढे राहिले, आणि डिसेंबरात मुंबईने त्यांना रणजी संघात घेतले. पुढच्या वर्षी कोलकात्याविरुद्ध त्यांनी ओळीने तीन गडी बाद केले. मौज अशी की त्यातला पहिला गडी वाइड चेंडूवर यष्टिचीत झाला होता, म्हणजे धरावयाचे चेंडू दोनच आणि बळी तीन. त्यांच्यावर २०२२ साली चित्रपटही निघाला, आणि तेव्हापासून चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक गृहस्थाला घरची मुले म्हणू लागली, “बाबा, तांबे बघा, तुम्हीही सुरुवात करा.”

येथेच आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. तांबे यांनी उशिरा सुरुवात केली नाही. सुरुवात त्यांनी वेळेवरच केली होती. उशीर झाला तो त्यांची दखल घेण्यास. त्यांच्या एकेचाळिसाव्या वर्षामागे मुंबईच्या मैदानांवरची वीस-बावीस वर्षे उभी आहेत. कचेरीच्या संघातून खेळणे, कांगा लीगचे सामने खेळणे, आणि मध्यमगती गोलंदाजी सोडून लेगस्पिन शिकणे, एवढे सारे त्यात आले. कांगा लीग म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. १९४८ पासून चालत आलेली ही मुंबईची स्पर्धा ऐन पावसाळ्यात खेळतात. गवत घोट्यापर्यंत वाढलेले, खेळपट्टी ओली, चेंडू साबणासारखा निसटता. तेथे वीस वर्षे काढलेल्या माणसाला नवशिका म्हणणे हा त्या वीस वर्षांचा अपमान आहे.

इतर नावांचेही असेच. भारतात पहिला कसोटी सामना झाला तो डिसेंबर १९३३ मध्ये, मुंबईच्या जिमखाना मैदानावर. त्यात रुस्तमजी जमशेदजी नावाचे डावखुरे फिरकी गोलंदाज एकेचाळिसाव्या वर्षी पहिली कसोटी खेळले. भारतातर्फे इतक्या वयात पदार्पण करणारा खेळाडू पुढे झालेला नाही. इंग्लंडचे जेम्स साउदर्टन १८७७ साली मेलबर्नला जगातली पहिलीच कसोटी खेळले, तेव्हा पन्नाशीला वर्षही उरले नव्हते. पण कसोटी हा प्रकारच त्या दिवशी जन्माला आला, तर त्या बिचाऱ्याने त्याआधी पदार्पण करावे कोठे? दोघेही आयुष्यभराचे खेळाडू. वर्तमानपत्रांना वय दिसते, त्यामागचा सराव दिसत नाही.

आणि आपल्या पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर! त्यांचे नाव घेतल्यावाचून या जिल्ह्यात क्रिकेटवर बोलताच येत नाही. जन्म १४ जानेवारी १८९२ चा. सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृत शिकवीत. याच महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोनोपंत दांडेकरांनी भूषविले, त्यामुळे आळंदीकरांना हे महाविद्यालय परके नाही. १९२६ साली एमसीसीच्या संघाविरुद्ध देवधरांनी १४८ धावा काढल्या, तेव्हा ते चौतिशीत होते. आजचे खेळाडू त्या वयात निवृत्तीचे विचार करू लागतात. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी ओळीने दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या, आणि बावन्नाव्या वर्षी नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन शतके. १९९३ साली ते गेले, तेव्हा स्वतःच्या वयाचेही शतक झाले होते. हे सारे वाचून ऊर भरून येतो. परंतु पन्नाशीत प्रथमच बॅट धरणाऱ्याला त्याचा उपयोग काय? देवधरांनी खेळ सोडला नाही. आमच्या माणसाने तो धरलाच नव्हता.

तेव्हा ही थोर नावे आदराने बाजूला ठेवावीत, असे आमचे मत आहे. उशिरा सुरुवात करणाऱ्याची गोष्ट निराळी आहे, आणि तिच्या शेवटी ना निवड समिती आहे, ना चित्रपट.

हा माणूस कोण, ते पाहू. तो आपल्या आसपासच राहतो. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढच्या काळात भोसरी, तळवडे, चाकण असे करीत कारखान्यांनी आळंदीला जवळजवळ वेढाच घातला. या कारखान्यांत भाकरी कमवावयास मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून मुले आली. गावी त्यांनी क्रिकेट खेळले ते लाकडाच्या फळीने आणि रबरी चेंडूने, यष्ट्यांच्या जागी विटांचा ढीग रचून. दहावी झाली, आयटीआय झाले, आणि मग तीन पाळ्या. रात्रपाळीहून परतलेल्या माणसाला सकाळी मैदान दिसते ते बसच्या खिडकीतून, तेही अर्धवट झोपेत. लग्न, घराचे हप्ते, मुलांच्या शाळा. अशी पंचवीस वर्षे गेल्यावर एक रविवार असा येतो की त्या दिवशी कोणाला काहीच नको असते. मुलगा आपल्या मित्रांत, मुलगी अभ्यासात. त्या रविवारी त्याला आठवते की आपल्याला एक गोष्ट करावयाची राहून गेली.

आमच्या रविवारच्या मंडळींत असे तेरा-चौदा जण आहेत. चाळिशीच्या आतला एकही नाही आणि लहानपणी रीतसर शिकलेलाही एकही नाही. त्यांच्याकडे पाहून आम्ही जे शिकलो तेच येथे सांगतो.

पहिली अडचण शरीराची नसते. ती लाजेची असते. पन्नाशीच्या माणसाला आपल्या समाजात शिकण्याची सोय राहिलेली नाही. तो शिकवू शकतो, सल्ला देऊ शकतो, हारतुरे स्वीकारू शकतो. शिकू मात्र शकत नाही. पॅड बांधून तो मैदानात उतरला की कडेची पोरे म्हणतात, “आजोबा, जपून हं!” त्यात वाईट हेतू नसतो, पण शब्द लागावयाचा तो लागतो. मग पहिल्याच चेंडूवर यष्टी उडते, आणि बावन्न वर्षांचा कुटुंबवत्सल गृहस्थ सर्वांदेखत परत चालू लागतो. ते वीस-पंचवीस पावलांचे अंतर फार लांब असते. पुष्कळ जण तेथूनच घरी जातात ते पुन्हा येत नाहीत.

आता गंमत पाहा. ही लाज आळंदीने तरी बाळगू नये. दरवर्षी ज्येष्ठात माउलींची पालखी येथून निघते. वाटेत रिंगण झाले की वारकरी काय करतात? साठ-साठ, सत्तर-सत्तर वर्षांची माणसे फुगड्या घालतात, हुतुतू खेळतात, एकमेकांच्या पाठीवरून उड्या मारतात. घरी ज्या सासऱ्यापुढे सुना हळू आवाजात बोलतात, तो सासरा तेथे टाळकऱ्याचे हात धरून गरगर फिरत असतो आणि दमून खाली बसला की हसतो. कोणी म्हणत नाही, “आजोबा, जपून.” तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, हमामा, हुतुतू, फुगडी यांच्या जोडीला चेंडूफळीवरही अभंग आहेत. ती चेंडूफळी म्हणजे क्रिकेट नव्हे, हे लगेच सांगून टाकतो; नाहीतर उद्या कोणी देहूला पहिल्या कसोटीचे स्मारक मागेल. पण खेळ हा मोठ्या माणसाला न शोभणारा पोरखेळ आहे, ही समजूत या इंद्रायणीकाठची नव्हे. ती नंतर, शाळा-कचेऱ्यांच्या घंटांबरोबर आली असावी, असे आम्हांला वाटते.

लाजेची दुसरी बाजू आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. या वयात शिकावयाचे म्हणजे बहुधा आपल्याहून लहान माणसाकडून शिकावयाचे. आमच्या मंडळींत एक गृहस्थ आहेत. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षे काढलेले. हाताखाली चाळीस माणसे. त्यांना फलंदाजी शिकविली ती त्याच कारखान्यात कंत्राटावर आलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या एका मुलाने. हा मुलगा परभणीकडचा. जिल्ह्याच्या संघापर्यंत पोहोचून, पुढे पैशाअभावी थांबलेला. सोमवार ते शनिवार तो यांना ‘साहेब’ म्हणे आणि समोरून जाताना अंग चोरून जाई. रविवारी मात्र यष्ट्यांमागे उभा राहून मोठ्याने सांगे, “काका, डावा पाय पुढे टाका. चेंडूला भेटायला जा, तो येईल म्हणून वाट बघू नका.” काका म्हणत, “अरे बाळा, उभं कसं राहायचं हे तीस वर्षं मी लोकांना शिकवलं!” त्यावर तो म्हणे, “तिथं तुमचं बरोबर असेल. इथं तुमचं डोकं यष्टीच्या बाहेर पडतंय.”

असे चार-पाच महिने चालले. बचावात्मक फटका त्यांना बऱ्यापैकी येऊ लागला. मग एका रविवारी मुलगा आला नाही. त्याच्या कराराचे अकरा महिने भरले होते आणि तो गावी परत गेला होता. हे गृहस्थ आम्हांला म्हणाले, “माझ्या खात्यातून अशी मुलं दरवर्षी जातात. त्यांच्या नावांची यादी माझ्याच सहीनं वर जाते. आजवर एकाचंही गाव मला माहीत नव्हतं.” पुढे त्यांनी ओळखीच्या एका कार्यशाळेत शब्द टाकला आणि मुलाला बोलावून घेतले, पगार पहिल्यापेक्षा थोडा कमीच, पण काम कायमचे. यावरून क्रिकेटने समाज सुधारतो वगैरे निष्कर्ष आम्ही काढीत नाही. अशी मुले हजारांनी येतात आणि हजारांनी जातात. एका मुलाला शब्द टाकणारा भेटला, इतकेच. पण हेही खरे की कारखान्यात ते दोघे अकरा महिने दररोज समोरासमोर होते आणि ओळख झाली ती रविवारी. कारण रविवारी त्यांच्यातला शिकणारा कोण, ते ठरलेले होते.

आता शरीराकडे वळू. येथे भाबडेपणा उपयोगाचा नाही. कायद्याप्रमाणे कातडी चेंडूचे वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम असते. टेनिसचा चेंडू साठ ग्रॅमही भरत नाही. गल्लीत टेनिसच्या चेंडूवर षटकार मारणाऱ्या माणसाला वाटते, आपल्याला क्रिकेट येते. कातडी चेंडू पहिल्यांदा अंगठ्यावर बसला की हा भ्रम दूर होतो. खेळपट्टी वीस मीटरांहून थोडी अधिक लांब. पण एका बाजूच्या क्रीझपासून दुसऱ्या बाजूच्या क्रीझपर्यंत साडेसतरा मीटरांच्या आसपासच अंतर उरते. ताशी नव्वद किलोमीटर वेगाचा चेंडू, आणि हा वेग एखाद्या कॉलेजच्या मुलाचाही असतो, ते अंतर पाऊण सेकंदाच्या आत कापतो. तेवढ्यात पाहावयाचे, ठरवावयाचे आणि हलावयाचे. म्हणून आमच्याकडे पहिले दोन महिने कोणालाही वेगवान गोलंदाजी देत नाहीत. कोणीतरी दहा पावलांवरून खांद्याखालून चेंडू टाकतो आणि नवशिक्याने तो फक्त अडवावयाचा. पाहणाऱ्याला हे हास्यास्पद वाटते. वाटो बापडे.

डोळ्यांविषयी एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. मराठीत जवळच्या चष्म्याला चाळिशी म्हणतात, आणि या खेळाचा नवशिका बरोबर तिच्याच वयाचा असतो. लांबचे त्याला दिसते, जवळचे अंधुक. पुष्कळ जण सोयीसाठी दुहेरी भिंगाचा चष्मा लावतात. तोच चष्मा लावून फलंदाजीला उभे राहिले, की गोलंदाज स्पष्ट दिसतो, हातातून सुटलेला चेंडू दिसतो, आणि तो पायाशी टप्पा घेतो तेव्हा नजर खालच्या, वाचावयाच्या भिंगातून जाते. चेंडू एकाएकी फुगून पुसट होतो. आमच्यातला एक जण सहा महिने समजत होता की आपल्याला फिरकी कळत नाही. फिरकी नव्हे, भिंग! खेळासाठी निराळा, एकेरी भिंगाचा, न फुटणारा चष्मा करून घ्यावा आणि त्यावर जाळीचे हेल्मेट घालावे. हेल्मेटची लाज वाटणाऱ्याने खेळूच नये.

दुखापत बहुधा चेंडूने होत नाही, धावण्याने होते. वीस वर्षे खुर्चीत बसलेला माणूस एका चोरट्या धावेसाठी एकदम सुटतो, आणि पोटरीत कोणीतरी मागून दगड मारल्यासारखे वाटते. मागे वळून पाहावे तर कोणी नसते. पोटरीचा स्नायू फाटलेला असतो किंवा टाचेवरची जाड शीर गेलेली असते. मांडीमागचा स्नायू आणि फेकीचा खांदा हे आणखी दोन नाजूक भाग. यावर उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे: खेळण्याआधी पंधरा-वीस मिनिटे चालणे, सावकाश पळणे, अंग मोकळे करणे, आणि रविवारच्या दोन तासांसाठी आठवड्यात निदान तीन दिवस भरभर चालणे. त्याहीआधी डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, साखर, छाती तपासून घ्यावी. खेळताना छातीत दडपण आले, घाम फुटला, हात भरून आला, तर ‘गॅस असेल’ म्हणून डाव पुरा करीत बसू नये. मैदानावर कोसळलेल्या माणसांच्या बातम्या आपण वाचतो. त्यांतल्या किती जणांनी आधी असेच म्हटले असेल, कोण जाणे.

इतकी भीती घातल्यावर जमेची बाजूही सांगितली पाहिजे. या खेळात वयाला काही जागा राखून ठेवलेल्या आहेत. वेगवान गोलंदाजी पन्नाशीत शिकता यावयाची नाही, पण फिरकी शिकता येते. ती बोटांची, मनगटाची आणि चिकाटीची विद्या आहे. बापू नाडकर्णींनी जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध ओळीने एकवीस षटके निर्धाव टाकली. ती काय वेगाच्या बळावर? एकाच जागी पुन्हा पुन्हा चेंडू टाकण्याची शक्ती आणि तसे करताना कंटाळा न येणे, एवढेच त्यात होते. लेथवर एकच भाग दिवसाला चारशे वेळा अचूक काढणाऱ्या माणसाला ही गोष्ट कॉलेजच्या मुलापेक्षा लवकर समजते, असा आमचा अनुभव आहे. आमच्याकडचे दोन्ही बरे गोलंदाज मशीन शॉपमधलेच आहेत. मास्तर आणि बँकवाले मात्र फलंदाजीवरच हटून बसतात.

आता मैदानाचा प्रश्न. गहुंजेला २०१२ साली मोठे स्टेडियम झाले, थेरगावला वेंगसरकर अकादमी आहे आणि तेथून ऋतुराज गायकवाडसारखे खेळाडू निघाले. याचा अभिमानच वाटतो. पण एक जागा बसून पाहण्याची आणि दुसरी मुलांची. दोन्ही आहेत त्या योग्यच. पन्नाशीच्या नवशिक्याला ना ही, ना ती. मोशी-दिघीकडे जाळी लावलेली कृत्रिम गवताची मैदाने तासाच्या भाड्याने मिळतात. तेथे मजा येते, पण ते क्रिकेटचे लोणचे आहे, जेवण नव्हे. गावोगावच्या टेनिस-चेंडूच्या स्पर्धांत हजारांची बक्षिसे असतात. तेथे नवशिक्याला कोणी उभे करीत नाही, आणि का करावे? परदेशात पन्नाशीवरील खेळाडूंचे सामने होतात, २०१८ साली सिडनीला त्यांचा विश्वचषकही झाला. पण तेथेही जन्मभर खेळलेल्यांचीच गर्दी.

मग उरते शाळेचे पटांगण, रविवारी सकाळी. आणि तेथे मुले आधीच आलेली असतात. या बाबतीत आमचे मत आमच्याच काही सोबत्यांना पटत नाही, तरी ते सांगतो. मुलांना हुसकून मोठ्यांनी खेळू नये. मैदान आधी मुलांचे. मोठ्यांनी त्यांच्या आधी, म्हणजे सहाला यावे आणि आठला मोकळे करून द्यावे. जाताना खेळपट्टीवर रोलर फिरवावा. आम्ही हे सुरू केले तेव्हा तिसऱ्या-चौथ्या रविवारी मुले आपण होऊन साडेसातला येऊ लागली, क्षेत्ररक्षणाला उभी राहिली, आणि आमच्या चुका काढू लागली. त्यांच्या शेऱ्यांत आता ‘आजोबा’ येत नाही; ‘कोपर वर घ्या’ येते.

आमचे नियमही थोडे निराळे आहेत. पहिल्या चेंडूवर कोणी बाद होत नाही. पंचवीस धावा झाल्या की फलंदाजाने बॅट खाली ठेवावयाची. प्रत्येकाने निदान एक षटक टाकलेच पाहिजे, मग वाइड किती का पडेनात. आणि धावांची वही रीतसर ठेवावयाची, प्रत्येक चेंडूची नोंद करून. हे शेवटचे कलम फार मोलाचे ठरले. मार्चपासूनची वही उघडली की दिसते, अमक्याने पहिल्या महिन्यात एकंदर नऊ चेंडू खेळले, सहाव्या महिन्यात एका डावात एकतीस. धावा दोन्हीकडे फारशा नाहीत. पण नऊ आणि एकतीस यांतला फरक ज्याचा त्याला कळतो.

बायकांचा विषय आम्ही शेवटी घेतला, तो कमी महत्त्वाचा म्हणून नव्हे. भारतातली महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा एप्रिल १९७३ मध्ये पुण्यातच झाली, आणि तिच्यात संघ होते तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. बावन्न वर्षांनी, २ नोव्हेंबर २०२५ रोजी, नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला. त्या संघात आपल्या सांगलीची स्मृती मानधना होती. त्या रात्री घराघरांत पंचेचाळीस-पन्नाशीच्या बायका जाग्या होत्या. भावाला बॅट मिळाली तेव्हा त्यांच्या हातात भांडी आली होती. पुरुषाला खेळावयाचे राहून गेले असे निदान म्हणता येते. यांना तर कोणी विचारलेच नव्हते. खऱ्या अर्थाने उशिरा सुरुवात करणाऱ्या त्याच आहेत. आमच्या वहीत गेल्या दिवाळीपासून तीन भगिनींची नावे आहेत. त्यांतल्या एक शिक्षिका यष्टिरक्षण करतात आणि त्यांच्या हातून चेंडू क्वचितच सुटतो. त्यांना आमच्याबरोबर खेळण्याऐवजी स्वतंत्र दिवस हवा आहे. ती मागणी रास्त आहे. संख्या अकरा झाली की शनिवार सकाळ त्यांची.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे, तेव्हा आवरतो. पालखी निघाली की पावसाने पटांगणाचा चिखल होतो, मग दिवाळीपर्यंत खेळ बंद. म्हणजे ज्यांना यावयाचे असेल त्यांच्या हाती आता थोडेच रविवार आहेत. आमच्याकडे बॅटी चार आहेत, हेल्मेटे दोन. पॅडच्या जोड्या मात्र तीनच आणि त्यांतल्या एकीचे पट्टे तुटलेले. कोणाच्या माळ्यावर मुलाची जुनी जोडी पडून असेल, तर ती व्याख्यानमालेच्या चिटणिसांकडे आणून द्यावी.